जुनी शिक्षा आणि परदेशप्रवास: अर्जात 'हो' लिहायचं का?

उंबरठा
नमस्कार मंडळी. माझा नेहमीचा आयडी वेगळा आहे, हा फक्त या धाग्यासाठी काढलाय. का ते कळेलच.

२३ वर्षांपूर्वी, मी विशीत असताना, हॉस्टेलमध्ये मारामारी झाली. कारण सांगायलाही लाज वाटते: खुर्ची. समोरच्याला लागलं, पोलीस आले, केस उभी राहिली आणि तीन वर्षांनी मी दोषी ठरलो. दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. संध्याकाळी न्यायाधीश उठले, मागोमाग मीही उठलो आणि घरी गेलो. ज्याच्याशी मारामारी झाली तो आज माझा चांगला मित्र आहे, हे जाता जाता.

धाकटी बहीण कॅनडात असते. चार महिन्यांनी तिचं बाळंतपण आहे आणि आम्ही दोघांनी यावं असा तिचा आग्रह आहे. व्हिसाच्या अर्जात प्रश्न आहे: कोणत्याही देशात तुम्ही कधी गुन्हा केला आहे का, अटक झाली आहे का, आरोप ठेवला गेला आहे का, दोषी ठरला आहात का? त्यातला 'कधी' हा शब्द माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एजंट म्हणतो, "नाही टाका साहेब, एवढं जुनं कोण उकरतंय." बायकोला सगळं माहीत आहे, मुलांना काहीच नाही.

कुणाला अनुभव आहे का?

बिनधास्त_बंड्या
एजंट बरोबर बोलतोय. कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा ही काय शिक्षा झाली? बाकावर बसून आलात. सरळ 'नाही' टाका आणि भाचरू बघून या.

सईबाई
बंड्या, तुमचं नाव सार्थ आहे. पण उंबरठा, ऐकू नका यांचं. माझ्या मावसभावाने हेच केलं होतं, तेही कॅनडाच्याच अर्जात. प्रकरण किरकोळ होतं, खरं लिहिलं असतं तर बहुधा निभावलं असतं. पुढे दुसऱ्या एका अर्जात त्याने खरं उत्तर दिलं आणि दोन अर्ज जुळेनात. चुकीची माहिती दिली म्हणून ५ वर्षांची बंदी. मूळ प्रकरणात त्याला एक दिवसही आत काढावा लागला नव्हता. खोट्याची शिक्षा मात्र ५ वर्षं भोगली.

काळाकोट
सईबाईंशी सहमत. थोडं सविस्तर लिहितो. इमिग्रेशन हे माझं रोजचं काम नाही, पण अशी काही प्रकरणं हाताखालून गेली आहेत.

पहिलं म्हणजे खोट्याचा हिशोब. कॅनडात ५ वर्षं, ते वर आलंच. ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाली तर १० वर्षांपर्यंत. अमेरिकेत महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली तर दार कायमचं बंद, मग प्रत्येक वेळी सूट मागत बसायचं. आणि हे पाच देश (अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड) बोटांचे ठसे आपसात ताडून बघतात. एका ठिकाणी 'हो' आणि दुसऱ्या ठिकाणी 'नाही' हे फार काळ लपत नाही.

दुसरं, आणि लोक इथेच चुकतात. कॅनडा तुम्हाला किती शिक्षा झाली हे आधी बघत नाही. तुम्ही केलं ते कृत्य कॅनडात घडलं असतं तर त्यांच्या दंडसंहितेच्या कुठल्या कलमात बसलं असतं आणि त्या कलमाची कमाल शिक्षा किती, हे आधी बघतं. कोर्ट उठेपर्यंत बसलात की दोन वर्षं, हा प्रश्न नंतरचा.

साधा हल्ला असेल तर त्यांचं कलम २६६, कमाल ५ वर्षं. असा एकच गुन्हा असेल आणि शिक्षा पूर्ण होऊन १० वर्षं उलटली असतील, तर कायदा तुम्हाला आपोआप 'पुनर्वसित' मानतो, म्हणजे तो जुना गुन्हा प्रवेशाच्या आड येत नाही. अर्जात 'हो' लिहायचं, कागद जोडायचे, बहुधा तेवढ्यावर भागतं. पण हल्ल्यात शारीरिक इजा झाली असेल तर कलम २६७, कमाल १० वर्षं. १० आली की गुन्हा 'गंभीर' आणि मग आपोआप काहीच होत नाही, कितीही वर्षं लोटू देत.

म्हणून उंबरठा, एकच विचारतो. समोरच्याला लागलं म्हणजे नक्की किती लागलं?

रिकामटेकडा
दात पडला का? पडला असेल तर कुणाचा?

उंबरठा
दात नाही. भुवईवर दोन टाके. डॉक्टरांचा दाखला केसच्या कागदात असणार.

रिकामटेकडा
म्हणजे दोन टाक्यांवर दोन देशांचा प्रवास अडलाय. टाके घालणाऱ्या डॉक्टरला तेव्हा कल्पना तरी असेल का! (हलकेच घ्या.)

काळाकोट
हसू नका, अगदी तसंच आहे. इजा म्हणजे क्षणभराच्या किरकोळ दुखण्याच्या पलीकडचं काहीही. खरचटलं, लाल झालं, एवढ्यावर वाद घालता येतो. टाके पडले की अवघड. माझ्या मते २६७ गृहीत धरूनच तयारी करा. अधिकाऱ्याने २६६ मानलं तर नशीब.

तिरकसराव
एक कळत नाही. ज्यांनी गुन्हे केलेत त्यांनी परदेशात कशाला जायचं? प्रत्येक देशाला आपल्या दारात कोण यावं हे ठरवायचा हक्क आहे. शिक्षा झाली म्हणजे झाली.

भटकभवानी
हक्क आहेच, कोण नाही म्हणतंय? प्रश्न तो हक्क कुणाला कसा लावतात याचा आहे. नेल्सन मंडेला आणि त्यांच्या पक्षाचे लोक २००८ पर्यंत अमेरिकेच्या दहशतवादाशी संबंधित यादीत होते. राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, नोबेल मिळालं, तरी अमेरिकेत जायला खास सूट लागायची. २००८च्या जुलैमध्ये कायदा करून ते काढलं, तेव्हा मंडेला नव्वदीला आले होते. २७ वर्षं तुरुंगात काढली म्हणजे 'शिक्षा झाली म्हणजे झाली' का?

तिरकसराव
मंडेला आणि हॉस्टेलमधली खुर्ची एकाच वाक्यात! मानलं तुम्हाला.

भटकभवानी
मी नाही आणली एकत्र. तुमच्या नियमात दोघंही एकाच रांगेत उभे राहतात, एवढंच दाखवलं.

गवाक्ष
अवांतर: नामवंतांची यादी फार मोठी आहे. बीटल्सचा गायक पॉल मॅकार्टनी १९८०च्या जानेवारीत जपानच्या नरिता विमानतळावर उतरला, बॅगेत २०० ग्रॅमहून जास्त गांजा. नऊ रात्री कोठडीत काढून परत पाठवणी. पुन्हा जपानमध्ये गायला गेला तो थेट १९९० मध्ये. २०१० मध्ये पॅरिस हिल्टनला त्याच नरितावरून परत फिरावं लागलं, दोनच दिवस आधी तिने अमेरिकेत अमली पदार्थाच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला होता. मुष्टियोद्धा माइक टायसनला २०१३ मध्ये ब्रिटनने येऊ दिलं नाही, कारण ४ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्यांसाठी नियम तेव्हा नुकताच कडक झाला होता. तो पॅरिसला गेला आणि पुस्तकाचा कार्यक्रम तिथे केला. गंमत म्हणजे २००० मध्ये हाच टायसन मँचेस्टरमध्ये लढून गेला होता. माणूस तोच, शिक्षा तीच, नियम बदलला.

शहाणासुर्ता
जपानबद्दल बोललात म्हणून. जपानमध्ये १ वर्ष किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा सुनावलेली असेल तर प्रवेश नाही, आणि त्याला मुदत नाही. अमली पदार्थांत तर शिक्षा किती हे बघतच नाहीत, नुसता दंड झाला असला तरी पुरे. विशेष परवानगीची सोय आहे, पण ती त्यांच्या मर्जीवर.

उलट शेंगेनच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाक्षेत्राच्या) अल्प मुदतीच्या व्हिसाच्या सामायिक अर्जात शिक्षेचा रकानाच नाही. त्यांच्या माहिती प्रणालीत तुमच्या नावावर प्रवेशबंदीची नोंद आहे का, ते मात्र तपासतात.

नवा_आयडी_नवा_जन्म
उंबरठा, तुमचं बघून मीही दुसरा आयडी काढला. :)

माझं प्रकरण उलटं आहे. मला शिक्षा झालीच नाही. अटक झाली, दोन दिवस आत होतो, जामीन, मग सहा वर्षं खटला आणि निर्दोष सुटका. निकालात न्यायाधीशांनी माझ्याविरुद्ध पुरावाच नसल्याचं लिहिलंय. तरी अमेरिकेच्या अर्जात प्रश्न 'अटक किंवा शिक्षा' असा आहे आणि पुढे जोड आहे, की नंतर माफी मिळाली असली तरी सांगा. मी तीन रात्री त्या प्रश्नासमोर बसलो. मनात एकच, सुटलो ना मी? मग 'हो' का लिहू?

शेवटी 'हो' लिहिलं. मुलाखतीला निकालपत्राची प्रमाणित प्रत नेली. खिडकीपलीकडच्या बाईंनी शेवटचं पान वाचलं, दोन प्रश्न विचारले, आणखी कागद मागवले. दीड महिन्याने व्हिसा आला. त्या दीड महिन्यात मी किती वेळा स्वतःला मूर्ख म्हटलं याची मोजदाद नाही. पण आज विमानतळावर कुणी काही विचारलं तर छाती धडधडत नाही, कारण सगळं त्यांच्याकडे आधीच आहे.

सईबाई
हा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहिल्याबद्दल आभार.

पानाफुलांत
माझा प्रश्न विचारायला संकोच वाटतोय, पण सिग्नल तोडल्याचा दंड भरला असेल तर? तेही 'हो' का?

काळाकोट
सिग्नल, पार्किंग, वेगमर्यादा यांचा साधा दंड म्हणजे सहसा फौजदारी शिक्षा नाही. पण प्रत्येक अर्जाचा प्रश्न शब्दन् शब्द वाचा. काही ठिकाणी वाहतुकीचे गुन्हेही स्पष्ट विचारलेले असतात.

दारू पिऊन गाडी चालवणं ही मात्र वेगळी गोष्ट. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून त्याची कमाल शिक्षा ५ वरून १० वर्षांवर नेली. म्हणजे तो गुन्हा आता 'गंभीर', आणि त्यानंतरच्या प्रकरणांना आपोआप पुनर्वसन नाही. अमेरिका याच एका साध्या गुन्ह्याला 'नैतिक अधःपतन' (प्रवेश नाकारायचं तिथलं एक कारण) मानत नाही. म्हणजे अनेकांना अमेरिका सोपी आणि कॅनडा अवघड, लोकांच्या समजुतीच्या बरोबर उलट.

रिकामटेकडा
नैतिक अधःपतन! हा शब्द ऐकून आमच्या शाळेच्या हेडमास्तरांची आठवण झाली.

काळाकोट
हेडमास्तरांची व्याख्या कदाचित जास्त स्पष्ट असेल. अमेरिकेच्या कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही, न्यायालयीन निकालांतून अर्थ काढावा लागतो. चोरी, फसवणूक, खोटे कागद साधारणपणे त्यात येतात. साधी मारामारी बहुधा येत नाही. आणि आलीच तरी छोट्या गुन्ह्याचा अपवाद आहे: असा एकच गुन्हा, कमाल शिक्षा १ वर्षापेक्षा जास्त नाही आणि प्रत्यक्ष सुनावलेली ६ महिन्यांपेक्षा जास्त नाही. अमली पदार्थांना हा अपवाद नाही. तिथे तर दोषी ठरायचीही गरज नाही, नीट विचारलेल्या प्रश्नाला दिलेली कबुली पुरते. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, तरी तो ओढल्याचं अमेरिकेच्या सीमेवर सहज बोलता बोलता सांगून अडकलेले लोक आहेत.

बिनधास्त_बंड्या
एवढं सगळं वाचून मी माझा सल्ला निम्मा मागे घेतो.

सईबाई
निम्मा म्हणजे? 'हो' आणि 'नाही'च्या मध्ये काय टाकायचं?

बिनधास्त_बंड्या
रकाना रिकामा!

भटकभवानी
एक गोष्ट कुणी बोललं नाही: ट्रान्झिट. ज्या देशात विमान बदलायचंय त्याचे नियमही तुम्हाला लागू होतात. अमेरिकेत तर विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायची सोयच नाही. फक्त दोन तास थांबायचं असलं तरी इमिग्रेशनसमोर उभं राहावं लागतं, म्हणजे आधी तिथला व्हिसा किंवा परवानगी हवी. माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याकडे दक्षिण अमेरिकेतल्या देशाचा व्हिसा होता, पण तिकीट अमेरिकेतून काढलेलं. चेक-इनच्या खिडकीवरच थांबवलं. बायको पुढे गेली आणि तो आठवड्याने दुसऱ्या मार्गाने पोचला. उंबरठा, तिकीट काढाल तेव्हा थेट किंवा युरोपमार्गे बघा, आणि त्या विमानतळाचे नियमही आधी वाचा.

उंबरठा
भटकभवानी, हे अजिबात डोक्यात नव्हतं. स्वस्त पडतं म्हणून मी अमेरिकेतून जाणारंच तिकीट बघून ठेवलं होतं.

शहाणासुर्ता
ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं राहिलं, तेही लिहून टाकतो, म्हणजे पुढे शोधत येणाऱ्यांना सापडेल. ऑस्ट्रेलियाच्या चारित्र्य-कसोटीत सगळ्या शिक्षा मिळून १२ महिने किंवा जास्त झाल्या की 'भरीव गुन्हेगारी नोंद' ठरते, त्याला किती वर्षं झाली ते गौण. न्यूझीलंडमध्ये ५ वर्षं किंवा जास्त शिक्षा कधीही झालेली असेल तर बंदी. १२ महिने किंवा जास्तीची शिक्षा मागच्या १० वर्षांत झाली असेल तरी बंदी. शिवाय कुठल्याही देशातून हद्दपार झाला असाल तर तेही मोजतात.

तिरकसराव
धागा वाचतोय. माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल एवढंच म्हणतो की नवा_आयडीचं वाचल्यावर तो तसा लिहिला नसता.

नवा_आयडी_नवा_जन्म
_/\_

काकडआरती
जरा वेगळा प्रश्न. माझ्या दिराची केस अजून चालू आहे, जामिनावर आहेत, पासपोर्ट कोर्टात जमा. त्यांना कामासाठी सिंगापूरला जायचंय. काही मार्ग?

काळाकोट
ताई, तिथे व्हिसाचा प्रश्न नंतर येतो. आधी ज्या कोर्टाने जामीन दिला तिथे परदेशी जायची परवानगी मागावी लागेल: कुठे, किती दिवस, परतीचं तिकीट, कामाचं पत्र. कोर्ट हमी मागू शकतं. प्रोबेशनवर असलेल्यांनाही तेच, आधी परवानगी मग तिकीट. त्यांच्या वकिलांना आजच विचारा. परवानगी न घेता गेले तर जामीनच रद्द व्हायचा.

गवाक्ष
आणि मूळ प्रश्नाचं काय झालं? बाळंतपणाची तारीख जवळ येत असेल.

उंबरठा
उशिरा लिहितोय, माफ करा. तीन आठवडे कागद गोळा करण्यात गेले. २० वर्षांपूर्वीचं निकालपत्र कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून काढणं म्हणजे काय असतं ते आता कळलं. तिथला कारकून भला माणूस होता, तिसऱ्या फेरीला स्वतः शिडीवर चढला. दंड भरल्याची पावती मात्र आईच्या कपाटात, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या खाली. तिने ती का जपली होती ते विचारायचं धाडस झालं नाही.

एजंट बदलला. कॅनडातल्या परवानाधारक सल्लागाराशी बोललो. काळाकोट यांनी सांगितलं तेच त्यांनीही सांगितलं: टाके आहेत म्हणजे २६७ धरून चाला. पुनर्वसनाचा अर्ज करता येतो, कारण शिक्षा संपून ५ वर्षं कधीच होऊन गेली. तो मंजूर झाला की हा प्रश्न कायमचा मिटतो, पण निर्णयाला वर्षाहून जास्त लागू शकतं. तोवर तात्पुरत्या निवास परवान्याची विनंती करता येते. त्यात जायची गरज एका पारड्यात आणि माझ्यापासूनचा धोका दुसऱ्या पारड्यात असं अधिकारी तोलतात. दोन्ही अर्ज दिले. रकान्यात 'हो'. परवाना वेळेत नाही आला तर बायको एकटी जाईल, मी बाळ वर्षाचं झाल्यावर बघेन.

मुलांनाही सांगितलं. मुलगी ऐकून म्हणाली, "बाबा, तुम्ही? खुर्चीसाठी?" दोन दिवस घरात मी कुठल्याही खुर्चीवर बसलो की ती उठून उभी राहत होती.

सईबाई
:D मुलीला माझा नमस्कार सांगा.

काळाकोट
उत्तम केलंत. पुनर्वसनाच्या अर्जाबरोबर तुमच्या आजच्या आयुष्याचे पुरावे द्या: नोकरी, कुटुंब, आणि तुम्हाला ओळखणाऱ्यांची पत्रं.

उंबरठा
पत्रं दिली आहेत. एक त्या मित्राचंच आहे, ज्याच्या भुवईवर टाके पडले त्याचं. मी मागितलंही नव्हतं, त्यानेच पाठवलं. दोन पानं. आमची मैत्री कशी झाली, त्याच्या वडिलांच्या आजारपणात मी रात्री कशा काढल्या, सगळं आहे. आणि शेवटी लिहिलंय: "तरीही नमूद करतो की खुर्ची माझीच होती."

काळाकोट
पत्र सोन्यासारखं आहे. पण ते शेवटचं वाक्य काढायला सांगा. पुनर्वसनाच्या अर्जात जुना वाद पुन्हा उघडायचा नसतो.

उंबरठा
सांगितलं. तो काढायला तयार नाही.